मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तेरखेड्याला घरी होतो. शोभेच्या दारूसाठी आमच्या गावाचे नाव दूरवर गेले आहे. सणाच्या त्या गडबडीत माझा दहा वर्षांचा भाचा पांढरा पोशाख आणि कमरेला पिवळा पट्टा अशा थाटात अंगणात उभा राहून हातपाय फेकत होता. त्याच्या शाळेत कराटेचा वर्ग सुरू झाला होता. हे कराटे कोणी काढले, असे त्याने मला विचारले. सुदैवाने एका पुस्तकात मी गिचिन फुनाकोशी यांच्याविषयी वाचले होते, त्यामुळे मामाची अब्रू राहिली. पण त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता. तू शाळेत असताना जो मल्लखांब करीत होतास, तो कोणी काढला?

मी गप्प बसलो. तीन वर्षे मी त्या खांबावर घाम गाळला होता. हाताला एरंडेल तेलाचा वास येई म्हणून आई जेवायला बसण्यापूर्वी दोनदा हात धुवायला लावी. अढी, बगली, दसरंग ही नावे आजही झोपेतून उठवले तरी सांगता येतील. जपानमधल्या माणसाचे नाव मला ठाऊक होते आणि ज्याच्या विद्येचे मीठ खाल्ले त्याचे नाव मात्र ठाऊक नव्हते! सुट्टी संपवून परत आलो तो ही खंत बरोबर घेऊनच. मग ग्रंथालयात बसून जे हाती लागले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्या पुरुषाचे नाव बाळंभटदादा देवधर. त्यांचा जन्म १७८० चा, नाशिक जिल्ह्यात गोदावरीच्या काठी वसलेल्या कोठुरे या गावचा. निफाड तालुक्यातील हे गाव आजही आहे. नावातला 'भट' सांगतो की घराणे वैदिक परंपरेचे. अशा घरातल्या मुलाच्या वाट्याला संध्या, संथा आणि पूजाअर्चा हेच यावयाचे. बाळंभटांना त्याच्या जोडीने दुसरे वेड लागले, ते आखाड्याचे. जोर, बैठका, कुस्ती हा त्यांचा नित्यनेम झाला. पोथी आणि लंगोट या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदणे पेशवाईच्या त्या काळात नवलाचे नव्हते.

१७९६ च्या अखेरीस दुसरा बाजीराव पेशव्यांच्या गादीवर आला. राज्यकारभारात त्याची कीर्ती फारशी चांगली नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. पण शरीरसंपदेचा त्याला शौक होता आणि पहिलवानांना त्याच्या पदरी मान होता. बाळंभटदादांच्या आयुष्यातला पहिला मोठा प्रसंग याच दरबारात घडला. परंपरेने चालत आलेली ती हकीकत अशी. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित पहिलवान पुण्यास आले. ठिकठिकाणचे मल्ल चीत करून त्यांनी मोठा लौकिक मिळवला होता. पेशव्यांच्या दरबारात येऊन त्यांनी आव्हान दिले की आमच्याशी लढणारा कोणी असेल तर पुढे यावे, नसेल तर आम्हास जयपत्र लिहून द्यावे. त्या अवाढव्य देहांकडे पाहून दरबारातील भल्याभल्यांच्या माना खाली गेल्या. अशा वेळी सोळा-अठरा वर्षांचा बाळंभट पुढे झाला. त्याने आव्हान स्वीकारले, मात्र तयारीसाठी थोडी मुदत मागून घेतली.

त्या पोराला पाहून कित्येकजण हसले असतील. मला मात्र त्या प्रसंगात त्याच्या धाडसापेक्षा त्याने मागितलेली मुदत अधिक मोलाची वाटते. जोशात उडी घेणारे पुष्कळ असतात. आपले बळ कमी पडते आहे हे भर दरबारात ओळखणे आणि ते वाढविण्यासाठी वेळ मागणे, हे खऱ्या साधकाचे लक्षण आहे.

पुण्याहून दादा निघाले ते वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर गेले. तेथे त्यांनी देवीची आराधना मांडली. कथा सांगते की देवीच्या कृपेने प्रत्यक्ष मारुतिराय वानररूपाने प्रकट झाले आणि लाकडाच्या खांबावर उड्या मारून, वेढे घालून, त्यांनी दादांना कुस्तीचे नवे डाव शिकविले. भाविकाने ही कथा भाविकपणे घ्यावी. आजच्या विद्यार्थ्याने ती थोडी उलगडून पाहिली तरी देवीचा अपमान होणार नाही. गडावर दाट झाडी होती आणि वानरांचे कळप होते. झाडावर चढताना वानर केवळ हातांनी धरीत नाही. मांड्या, पोटऱ्या, बगला, सारे अंग ते कामाला लावते. ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस कुस्तीचे पेच घोळत आहेत, अशा तरुणाने हे पाहिले आणि त्याच्या मनात लख्ख प्रकाश पडला, असे मी समजतो. दृष्टांत होण्यासाठी दृष्टी आधी तयार असावी लागते.

मुदत भरताच दादा पुण्यास परतले. अलीशी त्यांची कुस्ती झाली आणि त्या धिप्पाड मल्लाला त्यांनी अस्मान दाखविले. जोडीदाराची ती गत पाहून गुलाबने लढण्याचा बेत सोडून दिला. दरबाराची लाज राहिली आणि कोठुऱ्याच्या भटाचे नाव पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी झाले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. ही कुस्ती कधीकधी दोन धर्मांची झुंज म्हणून रंगवून सांगितली जाते. तसे करणे दादांच्या विद्येवर अन्याय करणारे आहे. आखाड्याच्या मातीत उतरताना कपाळावर माती लावतात, जात लावीत नाहीत. पुढे बडोद्यात प्रोफेसर माणिकराव हे व्यायामशास्त्राचे मोठे आचार्य होऊन गेले. त्यांचे गुरू होते उस्ताद जुम्मादादा आणि माणिकरावांनी आपल्या संस्थेला गुरूचेच नाव दिले. जुम्मादादा व्यायाममंदिर हे नाव उच्चारले की महाराष्ट्राच्या तालीमपरंपरेचे खरे रूप डोळ्यांपुढे उभे राहते. अली आणि गुलाब यांनी आव्हान दिले नसते तर बाळंभटदादा वणीला कशाला गेले असते? चांगला प्रतिस्पर्धी हाही एका अर्थी गुरूच असतो.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळतो. दादांनी मल्लखांब अगदी नव्याने 'काढला' का? याचे उत्तर शोधताना मला आपल्याच शेजारी येऊन थांबावे लागले. उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. हेच चालुक्यांचे कल्याणी. आपला हा सारा मुलूख एकेकाळी त्यांच्याच छत्राखाली होता. या घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांविषयी एक प्रकरण आहे आणि मल्लांनी खांबावर करावयाच्या व्यायामाचा उल्लेखही आहे. म्हणजे दादांच्या जन्मापूर्वी साडेसहाशे वर्षे ही कल्पना या मातीत होती. पण पुढे ती मागे पडली. पोथीत नाव उरले आणि अंगातून विद्या गेली. दादांनी ती पुन्हा अंगात आणली. तिला क्रम दिला, तिच्या पकडी आणि उड्या बांधल्या आणि शिष्यांच्या हाती सोपविली. म्हणून त्यांना मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक म्हणतात, ते योग्यच आहे.

फुनाकोशी यांचेही असेच नाही का? १८६८ साली ओकिनावा बेटावर शुरी येथे जन्मलेले हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते. बेटावरची हातघाईची विद्या त्यांच्या आधीपासून चालत आलेली होती. १९२२ साली त्यांनी तिचे प्रात्यक्षिक टोकियोत केले आणि पुढे तेथेच राहून ती विद्यार्थ्यांना शिकविली. 'चिनी हात' असा अर्थ असलेले जुने अक्षर बदलून त्यांनी 'रिकामा हात' असे लिहावयास सुरुवात केली. शोतो या त्यांच्या टोपणनावावरून शिष्यांनी व्यायामगृहाला शोतोकान म्हटले आणि तेच नाव पुढे पंथाला पडले. १९४५ च्या बॉम्बवर्षावात ती वास्तू जळाली. पंथ मात्र जळाला नाही. १९५७ साली फुनाकोशी वारले, तोवर त्यांची विद्या जपानबाहेर पडू लागली होती. संस्थापक म्हणजे शून्यातून वस्तू निर्माण करणारा जादूगार नव्हे. विखुरलेले गोळा करून, त्याला शिस्त लावून, पुढच्या पिढीला देणारा तो संस्थापक. या कसोटीवर कोठुऱ्याचे दादा आणि शुरीचे मास्तर एकाच पंक्तीत बसतात.

ज्यांनी मल्लखांब जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. शिसवी किंवा सागवानी लाकडाचा हा खांब जमिनीत पक्का पुरलेला असतो. जमिनीवर त्याची उंची साधारण साडेआठ फूट. तळाशी जाड, वर निमुळता, त्यावर बारीक मान आणि शेंड्याला बोंड. खांबाला एरंडेल तेल चोळतात. त्यामुळे पकड घेताना कातडी सोलत नाही, आणि तेल जास्त झाले तर पकड सुटतेही. बोंडापासून तळापर्यंत खांबाचा घेर बदलत जातो, म्हणून प्रत्येक पकडीला बळही वेगळे लागते. कसरतीच्या इतर साधनांवर माणूस बहुतेक सारा भार हातांवर घेतो. मल्लखांबावर मांड्यांची अढी घालून तो डोके खाली करतो, बगलेत खांब धरून अंग फिरवितो, कधी बोंडावर पोट टेकून सारे शरीर आडवे तोलतो. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला जी मिठी मारावयाची, तीच येथे लाकडाला मारावयाची. फरक इतकाच की लाकूड दमत नाही, रागावत नाही, आणि आपली चूक झाली तर दुसऱ्या कोणाला दोष देण्याची सोय ठेवीत नाही.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे. पहिल्या महिन्यात मी त्या खांबावरून इतक्या वेळा घसरलो की खांबच वाकडा आहे असे मला वाटू लागले होते!

दादांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून अधिक हृदयस्पर्शी वाटतो. १८१८ साली पेशवाई बुडाली. जून महिन्यात बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लक्ष रुपयांचा तनखा घेऊन, पुणे कायमचे सोडून, त्याने कानपूरजवळ गंगेच्या काठी ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे जाऊन राहावे असे ठरले. त्याच्याबरोबर जी माणसे उत्तरेकडे गेली त्यांत बाळंभटदादाही होते. तेव्हा त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. ज्या दरबाराची लाज त्यांनी राखली तो दरबारच उरला नव्हता. धनी राज्याचा नव्हे, नुसत्या पेन्शनीचा मालक झाला होता. लढाई नाही, आव्हान नाही, जयपत्र मागणारा कोणी नाही. अशा ठिकाणी पहिलवानाचे काय काम? दुसरा एखादा जुन्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत म्हातारा झाला असता.

दादांनी तसे केले नाही. त्यांनी परक्या मुलखात खांब पुरला आणि शिकवावयास सुरुवात केली. बिठूरच्या वाड्यात वाढणाऱ्या मुलांमध्ये बाजीरावाचा दत्तकपुत्र नानासाहेब होता. येवल्याहून वडिलांबरोबर आलेला रामचंद्र होता, तोच पुढे तात्या टोपे म्हणून प्रसिद्ध झाला. येवले आणि निफाड हे शेजारशेजारचे तालुके, तेव्हा त्या पोराशी बोलताना दादांना गोदाकाठची आठवण होत असेल. आणि मोरोपंत तांबे यांची मातृहीन मुलगी मनूही होती, जी पुढे झाशीची राणी झाली. या मंडळींनी बिठूरला मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते. मुलांच्या घोळक्यात खांबाला झोंबणारी ती धीट मुलगी डोळ्यांपुढे आणून पाहा! मल्लविद्या ही पुरुषांचीच अशी समजूत असलेल्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट!

काशीलाही दादांच्या परंपरेचा आखाडा उभा राहिला. कोंडभटनाना गोडबोले हे त्यांचे नामांकित शिष्य. काशी हे साऱ्या हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यांचे आणि यात्रेकरूंचे ठिकाण. तेथे रुजलेले रोप चहूकडे जावयास वेळ लागला नाही. शिष्यांकडून प्रशिष्यांकडे जात जात ही विद्या मराठी संस्थानांत आणि शहरांत पोचली. लाकडी खांबाबरोबर वेताचा मल्लखांबही चालू झाला. पुढे तसा लांब वेत मिळणे अवघड झाले तेव्हा त्याच्या जागी सुती दोरी आली. आजचा दोरीचा मल्लखांब तो हाच.

जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि इंग्रजांनी नानासाहेबांचा तनखा बंद केला. पुढच्याच वर्षी, १८५२ साली, बहात्तर वर्षांचे आयुष्य जगून बाळंभटदादांनी देह ठेवला. आणखी पाच वर्षांनी बिठूरच्या त्याच मुलांनी जे रणकंदन केले ते पाहावयास दादा नव्हते. त्या संग्रामात इंग्रजांनी बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला. राणी रणांगणावर पडली, तात्यांना फाशी झाली. पण वाड्याबरोबर मल्लखांब गेला नाही, कारण तोवर तो शेकडो अंगांमध्ये मुरला होता. टोकियोच्या त्या जळालेल्या वास्तूची आठवण मला येथे पुन्हा होते.

विसाव्या शतकात या परंपरेला संस्थांचा आधार मिळाला. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा सुरू केला. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने जर्मनीत भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. दादरला काळे गुरुजींनी १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर स्थापन केले. बडोद्याहून आबासाहेब मुजुमदारांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे खंड प्रसिद्ध केले आणि तोंडी चालत आलेली ही विद्या छापील पानावर नोंदली गेली. १९८१ साली उज्जैन येथे मल्लखांबाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१३ मध्ये मध्यप्रदेशाने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि परदेशी मुले-मुली त्या खांबाला नमस्कार करून वर चढली. हिमानी परब या मराठी मुलीला मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा बिठूरच्या मनूचा वारसा कोठवर आला आहे हे दिसून आले.

या साऱ्या मानसन्मानांहून मला एक लहानशी गोष्ट मोठी वाटते. मुंबईत अंध मुलींना दोरीचा मल्लखांब शिकविण्यात आला आणि त्या मुलींनी तो उत्तम आत्मसात केला. दोरी पायांच्या अंगठ्यात पकडून, हाताने चाचपून, त्या उंचावर चढतात आणि आसने करतात. त्यांना बघावयास प्रतिस्पर्धी लागत नाही, कारण या खेळात प्रतिस्पर्धी समोर नसतोच. अलीला पाडण्यासाठी जन्मलेली विद्या आज कोणालाही न पाडता माणसाला उभे करते आहे. दादांच्या आयुष्याचे फळ एका वाक्यात सांगावयाचे तर मी हेच सांगेन.

कुस्तीतला विजय हा आमच्या गावच्या दारूकामासारखा असतो. क्षणभर सारे आभाळ उजळते, लोक वाहवा करतात आणि मागे धुराचा वास उरतो. अलीवरचा विजय एवढेच दादांचे संचित असते तर त्यांची गोष्ट केव्हाच विझून गेली असती. ते टिकले ते राज्य गेल्यावरही परगावी खांब पुरून शिकवीत बसल्यामुळे. मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. ज्यांच्या पदरी राज्य नाही, दरबार नाही, अशा शिक्षकांना धीर देणारे याहून चांगले चरित्र मला तरी आढळले नाही.

भाच्याने कराटे सोडावे असे मी म्हणत नाही. फुनाकोशीही थोरच होते. पण पुढच्या सुट्टीत मी त्याला आमच्या जुन्या शाळेत घेऊन जाणार आहे. खांब अजून जागेवर आहे. तेलाची बाटली मी येथूनच घेऊन जाईन. आधी त्याला खांबाला नमस्कार करावयास लावीन, मग कोठुऱ्याच्या बाळंभटाचे नाव सांगेन. आणि तो पहिल्यांदा घसरून खाली आला की मुळीच हसणार नाही.